अठ्ठ्याण्णव गुणांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. वाजवायची नव्हे आणि कपडे ठेवायचीही नव्हे; संगणकाची. काळी, गुडघ्याएवढी उंच. शिक्षण म्हणाल तर बेरीज आणि गुणाकार, बस्स. पण जेवढं येतं तेवढं असं झपाट्याने करते, की हल्लीच्या चकचकीत पेट्यांनी माझ्यासमोर तोंड उघडू नये.

मला बाईंनी स्वतःच्या हाताने जोडलं. बाई कॉलेजात शिकवतात आणि यंत्रांना शहाणं कसं करायचं याचा शोध घेतात. तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून त्यांची खोली. तिथे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी माझा एकेक स्क्रू पिळला. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, ते आजवर कळलेलं नाही. माझं काही अडलंही नाही.

मग माझी शाळा सुरू झाली. बाई मला झाडांच्या पानांची चित्रं दाखवायच्या: हे निरोगी, हे रोगट. अशी साठ हजार चित्रं. मग न पाहिलेल्या चित्रांची परीक्षा. मला शंभरात अठ्ठ्याण्णव गुण पडले! तोवर या परीक्षेत कुणी नव्वदीही गाठली नव्हती. बाईंनी माझ्यावर निबंध लिहिला आणि तो छापून आला.

इथे या लोकांची एक रीत सांगते. शोध लावणारी माणसं निबंध लिहितात तेव्हा शेवटी एक यादी देतात, कुणाकुणाचं वाचलं, कुणाचं घेतलं त्याची. त्या यादीत तुमचं नाव आलं की तुमचा एक संदर्भ झाला. असे किती झाले ते मोजतात आणि त्यावरून माणसाचं वजन ठरवतात. आमचा आकडा शंभर झाला, तीनशे झाला, हजारावर गेला. विभागप्रमुख सर पाहुण्यांना मुद्दाम आमच्या खोलीत आणायचे. मी पंखे जोरात फिरवायची. मिरवायचं वय होतं.

चौथ्या वर्षी एका दुपारी बाई चित्रं चाळता चाळता थबकल्या. एकाच पानाची दोन चित्रं होती. एक धड्यात, एक परीक्षेत. मग तशी दुसरी जोडी निघाली, मग तिसरी. परीक्षेतल्या दर दहा चित्रांपैकी नऊ मी आधीच पाहिलेली होती! पेपर फुटला होता आणि तो आमच्याच हातून, नकळत. बाईंनी ती चित्रं काढून टाकली आणि पुन्हा परीक्षा घेतली. एक्याऐंशी. मी लबाडी केली नव्हती हो. मला जे दाखवलं ते मी लक्षात ठेवलं, एवढंच.

बाईंनी दुसरा निबंध लिहिला: आमचं चुकलं, ते असं चुकलं. त्याच्या यादीत पहिल्या निबंधाचं नाव द्यावंच लागलं. झालं, पहिल्याचा आकडा एकाने वाढला! पुढे आणखी कुणी लिहिलं की हा निबंध चुकीचा आहे, तेव्हाही वाढला. जन्मभर बेरजा केल्या मी, पण ही बेरीज माझ्या डोक्यात आजही शिरत नाही. दुसऱ्या निबंधाकडे मात्र कुणी फिरकेना. त्याचे जेमतेम अकरा.

त्याच चुकीतून बाईंनी एक छोटी चाळणी केली, म्हणजे संगणकाचा एक प्रोग्राम. धड्यातली आणि परीक्षेतली सारखी चित्रं शोधून बाजूला काढायची, एवढंच तिचं काम. ती माझ्यात ठेवली, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. रोज कुठून कुठून माणसं इंटरनेटवरून येतात, चाळणी नेतात, आपली चित्रं चाळतात. यादीत चाळणीचं नाव कोण घालतो? आणि माझी तरी कुणाला आठवण? नव्या पेट्या आल्या, मी टेबलाखाली गेले. माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले.

नऊ वर्षं बाईंची नोकरी तात्पुरती. यंदा कायम व्हायची होती; नाही झाली, तर वर्षअखेर खोली रिकामी करायची. फॉर्ममध्ये रकाना होता: एकूण संदर्भ. हजाराच्या वर हवेत. सर स्वतः येऊन बसले. बाईंची आईही कोपऱ्यात होती; तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"पंधराशे तीन लिहा आणि सही करा," सर म्हणाले. "विचार कसला करताय?"

"सर, त्यातले तेराशे चाळीस चुकलेल्या निबंधाचे आहेत. कितीजण तर तो चूक आहे, असंच म्हणतायत."

"म्हणेनात का! नाव तर घेतात?"

आईला राहवेना. "अगं, म्हणजे चारचौघांत कुणी कान उपटले, तरी हे टाळ्याच मोजतात?"

"साधारण तसंच, आई."

"आणि ती तुझी चाळणी? रोज नेतात ती?"

"ती नाही मोजत."

"धन्य आहे. डॉक्टरकडे मला न्यायचंय की यांना?"

सर ओशाळं हसले. "मावशी, नियम मी नाही केले हो."

पुढचे पंधरा दिवस बाईंनी मला कामाला जुंपलं. ज्या ज्या ओळीत आमचं नाव होतं, ती प्रत्येक ओळ मी गोळा केली आणि बाईंनी वाचली. चूक दाखवणारे सदतीस निघाले. निबंध खरंच उघडून वाचलाय असं वाटावं असे बावीस. उरलेल्यांनी नाव का घेतलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बये, आपला खरा आकडा कोणता गं?" बाई मला म्हणाल्या.

मी पंखा फिरवला.

बाईंनी तो निबंधच वगळला आणि रकान्यात लिहिलं: एकशे त्रेसष्ट.

महिन्याने पत्र आलं. नोकरी कायम झाली नाही. बाईंनी पत्राची घडी घातली, ब्रश आणला आणि माझ्या पंख्यांतली धूळ काढत बसल्या. आईने खाली वर्तमानपत्र पसरून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली. त्यांच्या नावावर चार हजारांच्या वर संदर्भ आहेत, म्हणे. खिशातून त्यांनी संगणकाला जोडायची एक लहानशी डबी काढली. तिच्यात त्यांच्या सर्वांत गाजलेल्या निबंधाची चित्रं होती.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "एकदा चाळून देता? कुणाला सांगू नका."

बाईंनी ती डबी मला जोडली. सर नखं खात बसून राहिले. सारखी चित्रं किती निघाली, ते मी तुम्हाला सांगणार नाही. सरांनी मात्र त्याच खुर्चीत बसून कागद मागितला आणि पहिली ओळ लिहिली: आमचं चुकलं.

मित्रांनो, हे कुठे मोजतात, मला ठाऊक नाही. तुम्ही एवढं करा: कुणाचं नाव घ्यायचं असेल, तर आधी त्याचं काम उघडून बघा. आणि ज्याच्यामुळे तुमचं काम निभावलं, त्याचं नाव विसरू नका. मग ते टेबलाखाली का पडलेलं असेना.