न वाजलेला डबा

भुलाबाईचा महिना आला की अमरावतीच्या माळ्यांच्या आळीत सगळ्या पोरी नाचायच्या, आणि शकुन तेवढी हिरमुसायची. गाणी तिला सगळी पाठ होती. रडगाणं होतं ते खिरापतीचं. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणायची, हलवून वाजवायची, अन् आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेल तिला पहिली मूठ. कोजागिरीपर्यंत रोज पाच-सात घरं व्हायची, अशी चार वर्षं गेली, पण शकुनला ती मूठ एकदाही मिळाली नाही. आता नशीब फुटकं म्हणावं तरी किती! आंधळ्यानं दगड मारला तरी एखादा आंबा पडतोच की!

ओळखायची ती शेजारची वच्छला. डोळे मिटायची, मान तिरपी करायची, अन् फटकन सांगून मोकळी.

"तुले कसं समजते वं?" शकुननं एकदा विचारलंच.

"कान लागते बाप्पा," वच्छला म्हणाली. "तुहे कान नुसते बाळ्या घालाले हायेत."

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. वच्छलेची धाकटी बहीण शालू तर सगळ्यांत जोरात हसली.

पण शकुनच्या डोक्यात भुंगा सोडला तो गंगूबाईच्या घरच्या डब्यानं. गंगूबाईनं डबा असा गच्च भरला होता की तो वाजलाच नाही. हलवला, उलटा केला, तरी आवाज म्हणून नाही. वच्छलेनं डोळे मिटले अन् म्हणाली, "साटोऱ्या." झाकण उघडलं तर साटोऱ्याच! शकुन त्या रात्री नीट जेवलीही नाही. न वाजणारं जिला ऐकू येतं, तिचे कान आहेत तरी कसे? आणि आपल्याला का नाही येत?

दुसऱ्या दिवशीपासून ती घरातले डबे वाजवत सुटली. आधी चणे, मग फुटाणे, मग ओले चणे, वाळके चणे. डोळ्यांना फडकं बांधून वाजवायची. ज्वारी कशी बोलते, तीळ कसे बोलतात, पोचट दाणा कसा अन् भरीव कसा. तिची आई पार्वताबाई वैतागून गेली.

"काहून डबे बडवून राहिली वं? घरात भूत शिरलं का?"

"आई, फुटाणा चण्याहून मोठ्यानं बोलते!"

"अव माय! आता फुटाण्यांशीच बोल तू!"

पुढच्या भुलाबाईत शकुनला बरंच कळायला लागलं होतं. पण ती नीट ऐकून खात्री करेपर्यंत वच्छला सांगून मोकळी झालेली असायची. कोजागिरी झाली, पुढच्या उन्हाळ्यात शकुनचं लग्न झालं अन् ती अकोल्याला गेली. पहिली मूठ राहिली ती राहिलीच.

अकोल्याला मोर्णेच्या काठी तिच्या सासऱ्याचा, खुशालरावांचा, भाजीचा मळा होता. एका वर्षी त्यांनी बाजारातून कांद्याचं बी आणलं. शकुननं सवयीनं डबा कानाशी नेला, वाजवला, आणि तिचा हात थांबला.

"मामाजी, हे नका पेरू. यात जुनं बी मिसळलं हाय."

"डबा वाजवून समजते?" खुशालराव उखडले. "सूनबाई, बी हाय ते, ढोलकं नोहे!"

"नवं बी जड रायते, ठसठस बोलते. जुनं हलकं, उगाच खुळखुळ करते. यात दोन आवाज हायेत."

म्हातारा तिरसट खरा, पण खोटा नव्हता. त्यानं शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. दहा दिवसांनी सोडून पाहिलं, तर मोड आले होते एकवीस दाण्यांना. खुशालरावांनी कपाळाला हात लावला, आणि त्या दिवसापासून शकुननं ऐकल्याशिवाय मळ्यात बी पडलं नाही. हळूहळू गावोगावचे माळी डबे घेऊन यायला लागले. नागपूरच्या सरकारचा शेतीचा साहेब एकदा हसत आला. तीन डबे वाजवून घेतले, आणि जाताना हसला नाही.

अशी पंधरा वर्षं गेली. एका आश्विनात दारात एक बाई उतरली, कडेवर बियाचा डबा.

"बी ऐकणारी बाई इथंच रायते का?"

"वच्छले!" शकुन ओरडलीच.

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, हसल्या. वच्छलेच्या घरचं दोन एकरांचं बी त्या डब्यात होतं. शकुननं तो तिच्याच हाती परत दिला.

"आधी तू ऐक. मी तर तुह्यापाशीच शिकली. न वाजलेल्या साटोऱ्या ऐकणारी तू! आजवर मले कोडं हाय, कशा ऐकल्या होत्या वं?"

वच्छलेची मान खाली गेली.

"मले कुठचं ऐकू येते, शकुन? शालू साऱ्यांच्या चुलीपाशी लुडबुडे. माह्या कानात येऊन सांगे. माह्या मुठीतली अर्धी मूठ तिची."

शकुनला भयंकर संताप आला. पाच वर्षं! आईची बोलणी, पोरींचं हसणं, फडकं बांधून घालवलेल्या त्या दुपारी! ज्या कानांच्या मागे ती जन्मभर धावली, ते कान नव्हतेच कुणाचे! तिनं वच्छलेच्या हातातून डबा हिसकावला, कानाशी नेला, अन् रागारागानं वाजवला. बी ठसठस बोललं. एकच आवाज, साफ. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "बिनधास्त पेर."

संध्याकाळी अंगणात शकुनच्या लेकीची भुलाबाई होती. गाणी झाली. शकुननं झाकलेला डबा आणला आणि पोरींना सोडून थेट वच्छलेसमोर वाजवला.

"ओळख. आज शालू नाही."

वच्छलेनं डोळे मिटले, मान तिरपी केली, अगदी तशीच. "फुटाणे," ती म्हणाली.

"हारली! मावशी हारली!" शकुनची नकारार्थी मान पाहून पोरींनी कल्ला केला. वच्छला लाजून लाल झाली. पण डोळे तिनं उघडले नाहीत. चाचपत हात पुढे केला अन् शकुनचं मनगट धरलं.

"थांब वं, उघडू नको," ती म्हणाली. "अजून एक डाव वाजव."