पाचचा फोन

वरून हुकूम आला: दहावीच्या वर्गशिक्षकांनी रोज पहाटे पाचला पोरांच्या घरी फोन लावावा, त्यांना उठवावं, वाचतानाचा आवाज आपल्या कानानं ऐकावा. हुकूम काढणारा साहेब स्वतः कितीला उठतो, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. सुवर्णा मॅडमची झाली. हेडमास्तर नागनाथ सर म्हणाले, "मॅडम, तुमी फोन लावा. बाकीचं मले नका विचारू."

मॅडमला काळजी होती मयूरीची. पोरगी हुशार, पण सराव परीक्षेत गणितात आपटली अन् तेव्हापासून वर्गात तोंड उघडेना. बोर्डाच्या परीक्षेला बसणारच नाही, असं ती मैत्रिणीजवळ बोलल्याचं मॅडमच्या कानावर आलं होतं.

फोनवर मात्र सगळं झकास. बाप देवानंद पहिल्याच घंटीला उचलायचा. "वाचून राह्यली ना मॅडम! आइका." मागून लयीत गुणगुण यायची. मॅडम खूश.

एका पहाटे मॅडमनं नीट कान दिला. विज्ञानाच्या धड्यात माहेरचा बैल कुठून शिरला? पुढच्या ओळीत तर नणंदही आली. मॅडमनं तडक स्कूटी काढली.

तामसी गावाकडच्या मयूरीच्या घरात दिवा जळत होता. चुलीपुढं मयूरीची आई बयनाबाई पुस्तक उलटं धरून ओव्या गात होती. देवानंद तिच्या तोंडापाशी फोन धरून बसलेला. मॅडम अजून ऐकतच असंल म्हणून त्यानं तो खालीही ठेवला नव्हता. मयूरी गोधडीत ढाराढूर.

"हे काय चाललं देवानंदभाऊ?"

"मॅडम, पोरगी रातभर रडते. पहाटे कुठं डोळा लागते, अन् तुमचा फोन त्याच टायमाले!"

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

बयनाबाईनं पदर सावरला. "तुमच्यावर वरून दाब हाय म्हणे. तुमची नोकरी जाईन म्हून म्या म्हटलं, मॅडमले आवाज पायजे ना, आपण देऊ."

आवाजानं मयूरी जागी झाली. मॅडमला पाहिलं अन् गोधडी डोक्यावर ओढली. "मी परीक्षेले नाही बसत."

"काऊन वं?"

"शंभर टक्के निकाल पायजे म्हणे. माह्यापायी शाळेचं नाक जाईन."

"कोण बोललं असं?"

"तुमीच. रोज प्रार्थनेले."

मॅडम गोधडीपाशी खाली बसली. "मयूरे, शाळेले नाक असतं ना, तं मुतारीचा वास पयलेच आला असता."

गोधडी हलली. आत हसू फुटलं होतं.

"म्या चुकीचं बोलली. आज शाळा सुटल्यावर थांब. अपूर्णांकापासून धरू. तू तिथंच अडकली, अन् म्या पुढं पळत गेली."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. नागनाथ सर. "साहेबाले कळवा लागते. मयूरी वाचून राह्यली का?"

"झोपली हाय सर. म्याच झोपवली. साहेबाले तसंच कळवा."

गोधडीतून एक डोळा बाहेर आला. "थांबीन मॅडम. परीक्षेलेबी बसीन. पण आता जा ना, लय झोप येऊन राह्यली."