निरगाठ, सुरगाठ आणि रद्द केलेली खाट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. एक मोठं सभागृह आहे, पाय ठेवायला जागा नाही. मंचावर दोरीवाले महाराज. समोर खुर्चीत एक गरोदर बाई. महाराज तिच्या पोटासमोर दोरीला गाठ मारतात आणि गरजतात, "नाळेच्या गुंत्या, सूट!" दोन्ही टोकं ओढतात... गाठ गायब! टाळ्यांचा कडकडाट.

त्या टाळ्यांत माझीही एक होती. सांगताना आजही मान खाली जाते. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि खुर्चीतली बाई माझी सून होती.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून बजावलं होतं, "बाळाच्या काही रक्तवाहिन्या गर्भपिशवीच्या तोंडावरून उघड्याच गेल्यात. बाळाभोवतीची पाणमोट फुटली तर त्या फाटू शकतात. जाणारं रक्त बाळाचं असेल, आणि एवढ्याशा जिवात रक्त असतं ते किती! आधीच दाखल व्हा. कळा सुरू व्हायच्या आत शस्त्रक्रिया करू."

मी घाबरलो आणि या महाराजांकडे गेलो. महाराज म्हणाले, "कापाकापी कशाला? एका ओढीत मोकळं!" मला तेच ऐकायचं होतं. दवाखान्यातली खाट मी फोन करून रद्द केली.

टाळ्या थांबल्या तशी सुनेची नऊ वर्षांची मुलगी, माझी नात, मंचावर चढली. आई शिवणकाम करते, त्यामुळे पोरगी दोऱ्यांतच वाढलेली.

"महाराज, ही तर सुरगाठ. ओढली की सुटतेच. मी निरगाठ मारते, ती सोडवा."

"खाली उतर, पोरी! श्रद्धा नसली की दोरी ऐकत नाही."

"दोरीला कान कुठे असतात?"

सभागृह खो खो हसलं. नातीने निरगाठ मारून दोरी पुढे केली. महाराजांना ओढावंच लागलं. गाठ आणखी आवळली. पुन्हा ओढलं. कपाळावर घाम, गाठ जागच्या जागी.

सून खुर्चीतून उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, दवाखान्यात फोन लावा. आत्ता."

लावला. "चूक माझी," म्हणालो. खाट मिळाली. ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाळ रडलं, आणि मीही.

मुलांनो, दोरी ओढून पोटातल्या रक्तवाहिन्या जागा सोडत नाहीत. त्या कुठे आहेत ते तपासणीत दिसतं. दिसलं की डॉक्टरांचं ऐकायचं. आणि चमत्कार दिसला की विचारायचं, "माझ्या गाठीवर करून दाखवता?"

त्या दिवशी मात्र मी तोंड लपवत, सुनेला घेऊन दाराकडे निघालो. नात आली नाही. मंचाखाली आपल्या पाळीची वाट बघत बायकांची रांग होती; ती तिकडे गेली, पहिल्याच गरोदर बाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?"