जमीरचा तारा

आमच्या जेबाला वाटायचं, तिचे अब्बा दगड आणायला गेलेत.

त्या थंडीत जमीर तिला खांद्यावर बसवून नेरच्या बाजारातून परत येत होते. दिवस नुकताच बुडाला होता. आभाळात हिरवट उजेड झाला, एक जळतं ढेकूळ उकंडाभाऊंच्या वावरातल्या बाभळीमागं उतरलं आणि जराशानं ढग गडगडावा तसा आवाज आला. घरी येऊन बापलेक एकदमच सांगायला लागले, एकाचंही धड समजेना. "तुले आणूनच देतो तो दगड," जमीर तिला म्हणाले.

ते बैलांना नाल ठोकायचे. पण कापसाला भाव राहिला नाही, गावातल्या जोड्या एकामागून एक बाजारात गेल्या. मग हाताला वेळच वेळ. रोज सकाळी उकंडाभाऊंच्या कापसात, पऱ्हाटीतून वाकून तो दगड शोधत फिरायचे. चौकातली पोरं म्हणायची, "जमीरभाई, बैल सरले म्हणून आता चांदणीले नाल ठोकता काय?"

"सापडू तर दे," ते म्हणायचे, "पाय धराले तुलेच बोलावतो."

पावसाळ्यात ते काविळीनं गेले. जनाजा उकंडाभाऊंच्या वावराकडूनच निघाला, कब्रस्तानची वाट तीच आहे. जेबा माझ्या ओढणीआडून पाहत होती. "अब्बा दगड आणाले चालले," ती म्हणाली. घरभर बाया रडत होत्या, पण कोणाच्या तोंडून "नाही" निघालं नाही. माझ्याही नाही. तेव्हापासून ती दुपारी अब्बांची वाट पाहत उंबऱ्यावर बसून असायची.

उन्हाळा लागताना विमलताई आल्या. कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवतात. कोणाकडून तरी जमीरच्या ताऱ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं झालं होतं. त्यांच्यासोबत मी गेले, जेबाला कडेवर घेऊन.

"भाभी, लेकरू काहून उन्हात आणलं?" उकंडाभाऊ म्हणाले.

"तो उजेड पाहणारी तीच तर उरली, भाऊ."

विमलताईंचं मशीन म्हणजे लांब दांडी आणि खाली तव्याएवढी चकती. जमिनीत लोखंड असलं की ओरडतं. आभाळातून पडलेल्या दगडातही बहुतेक वेळा लोखंड असतं म्हणे. पाचपन्नास पावलांवरच ते ओरडलं. उकरलं तर गंजलेला नाल. पुढं परत नाल. प्रत्येकाच्या टोकाला हातोडीचा एक ठोका जास्तीचा, जमीरच्या सवयीचा. उकंडाभाऊंनी एक हातात घेतला. "हा माह्या ढवळ्याचा असन," म्हणाले आणि वावराच्या कडेच्या धुऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

विमलताई नाल बाजूला टाकत गेल्या, मी ओढणीत वेचत गेले.

बाभळीपाशी मशीन जोरात ओरडलं. या वेळी दगड निघाला. काळा, वाटीएवढा, हातात घेतला तर भलताच जड. लोहचुंबक त्याला चिकटलं. जेबा माझ्या कडेवरून घसरून खाली उतरली. हा तोच निघाला तर ती विचारणार, दगड आला, अब्बा कुठं? आणि नाही निघाला तर जमीर गावासाठी चेष्टाच राहणार.

विमलताईंनी चिनीमातीच्या फरशीचा तुकडा उलटा केला आणि त्याच्या खरखरीत पाठीवर दगड घासला. विटेसारखी लाल रेघ उमटली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आभाळातल्या दगडाची अशी लाल रेघ येत नाही. हा इथलाच." मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात बोलल्या, "यजमान खोटं नव्हते बोलत. त्या उजेडाचं असंच असतं. ज्याला दिसतो त्याला वाटतं, समोरच्या झाडामागंच पडला. पडतो मात्र फार लांब. दुसऱ्या जिल्ह्यातसुद्धा."

उकंडाभाऊंनी मान हलवली. "म्हणजे जमीर पोट्टा खरा होता."

मला रडू येणार होतं, तेवढ्यात जेबा बोलली. "म्हणूनच अब्बाले उशीर होऊन राह्यला, अम्मी. लांब गेले न ते."

विमलताई मशीनच्या वायरी गुंडाळायला लागल्या.

मी नाल ओढणीत बांधले, तिला उचललं आणि घराची वाट सोडून पुढं गेले. आमच्यात बाया कब्रस्तानात जात नाहीत. भिंत माझ्या छातीएवढी आहे. तिच्यावर जेबाला बसवून घट्ट धरलं. निंबाखालची माती आता खाली बसली होती.

"अब्बा लांब नाही गेले, जेबा. तिथं आहेत."

"झोपले?"

"नाही." या वेळी तो शब्द निघाला. "मेले, बेटा. आता ते येणार नाहीत."

तिनं माझा चेहरा नीट पाहिला, मी मस्करी तर करत नाही ना म्हणून. मग ओढणीची गाठ चाचपली, एक नाल ओढून काढला आणि दोन्ही हातांत धरला.

"मंग दगड कोण आणन?"

गंज तिच्या तळव्यांना लागला होता, तो मी ओढणीनं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उंबऱ्यावर बसली नाही. आत, दाराकडे पाठ करून निजली होती. मी भांडी घासली, हात पुसले आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.