रांजणातली माय

"बोलली रे, सुमनबाई बोलली! रांजणातून बोलली!"

भर दुपार, गावातली लाइन गेलेली. पंखे बंद, धानाची चक्की बंद, आणि गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात सभामंडपाबाहेर चपलांचा ढीग. मंडपात कमरेएवढा रांजण. त्याचं बुड धानाच्या राशीत रोवलेलं, तोंडावर भगवं फडकं. शेजारी रांजणवाले महाराज, पोळा आटोपला तेव्हा गावात उतरलेले आणि सेवा मनासारखी होत असल्यामुळे अजून न हललेले.

"बिजली है क्या गाँव में?" महाराज गरजले.

"नाही जी!"

"भोंगा दिसते?"

"नाही जी!"

"लाउडस्पीकर घरघर करते, खरखर करते. करते का नाही? आत्म्याचा आवाज निर्मळ राहते. आता ऐका. सुमनबाई, आओ! संसाराची चिंता सोडके आओ!"

आणि त्या रांजणातून माझी माय गाऊ लागली. उन्हाळ्यात आम्ही जिला बोडीच्या पाळीवर, तळ्याकाठच्या मसणात, पोहोचवून आलो होतो, ती माय.

*पऱ्ह्याची जुडी सुटे, चिखलात पाय...*

रोवणीच्या गाण्यातली, धानाच्या रोपांच्या जुडीची ती ओळ संपली आणि आवाज थांबला. बायांच्या रांगेतून अनुसयाकाकूंनी डोळे पुसत जोड दिली, तशा साऱ्याजणींनी दिली:

*वाकून लावता लावता आठवते माय!*

मग रांजण पुढची ओळ गाऊ लागला. "पाहा, थांबते!" महाराज हात उंचावून ओरडले. "तुमच्यासाठी थांबते! ऐकून राहिली ना थे!" अंगावर काटा आला. माझ्याही आला, खोटं कशाला सांगू.

पहिल्या रांगेत माझे बाबूजी, बकाराम, पायाला पट्टी गुंडाळून बसले होते. हात जोडून म्हणाले, "महाराज, तिले विचारा जी. साखरेच्या बिमारीच्या गोळ्या पुन्हा खाऊ का सोडूनच देऊ?"

महाराजांनी फडक्याला कान लावला. मान डोलावली. "म्हणते, गोळ्या कायले? मंतरलेलं पाणी पी. पाय आपोआप भरते."

बाबूजी लहान लेकरासारखे रडले आणि लोटीतलं पाणी प्याले. गोळ्या तर त्यांनी आधीच्या बैठकीपासूनच बंद केल्या होत्या. अर्जुनीच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, जखम काळी पडली तर पाय कापावा लागेल.

माझं मात्र दुसरीकडे लक्ष गेलं होतं. बायांच्या जोडीखाली, अगदी बारीक, एक आवाज होता. कुंई... कुंई... आमच्या अंगणाशेजारचा हापसा! मनात म्हटलं, माय स्वर्गात गेली असेल तर जावो, पण तिथंही आमचाच हापसा वाजून राहिला का?

तो आवाज मीच टिपला होता. सन २००८च्या हिवाळ्यात माय अंथरुणाला खिळली. तेव्हा मी गोंदियाला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. तिची रोवणीची गाणी लॅपटॉपमध्ये भरून घेतली. जोड द्यायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून ती ओळ म्हणायची, मनातल्या मनात रांगेतल्या बायांची जोड ऐकायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. पण लॅपटॉपवर ते गाणं लावलं की माय पत्र्याच्या पेटीत कोंडल्यासारखी वाटायची.

"हा तुया मशीनचा दोष आहे, मायचा नाही," भूपेंद्र म्हणाला. भूपेंद्र माझा शाळेपासूनचा दोस्त, गावात मंडप-डेकोरेशनवाला. आम्ही दोघांनी डॅक बनवायचं ठरवलं. कॉम्प्युटर आवाज आकड्यांत ठेवतो. त्या आकड्यांना पुन्हा विजेची लाट करून स्पीकरकडे धाडतो तो डॅक. नागपूरहून चिप मागवली. तांब्याची पाटी कोरली आणि तिच्या एका कोपऱ्यात आमची दोघांची नावं. मायनं आपला पापडांचा ॲल्युमिनियमचा डबा दिला, "घ्या, पापड तं आता कोण लाटते." भूपेंद्र सोल्डर मारायचा आणि माय पडल्या पडल्या त्याला म्हणायची, "पोरा, आधी भात खाय, मंग धूर कर."

तरी आवाजाखाली घूं उरलीच होती. कपॅसिटर बदलले, तरी घूं. शेवटी लाइनीवरचा ट्रान्सफॉर्मर काढून टाकला आणि सारं सर्किट स्कूटरच्या बॅटरीवर चालवलं. घूं नाहीशी झाली. पहाटेच्या धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखा स्वच्छ आवाज आला. मायनं स्वतःलाच ऐकलं आणि लाजून तोंडावर पदर घेतला.

तो डबा भूपेंद्रनं श्रावणात नेला होता, मायच्या गाण्यांच्या कॉपीसकट. "लग्नाच्या पार्टीले दाखवतो, आणून देतो." आता महाराजांच्या मागचा पडदा त्यानंच बांधलेला होता आणि तो पडद्याआडून बाहेर येत नव्हता. लाइन नसताना बोलणारा, घरघर न करणारा आवाज! आमची सारी मेहनत महाराजांनी पुरावा म्हणून वापरली होती. आम्ही काम जितकं चांगलं केलं, तितकं त्यांचं खोटं खरं वाटत होतं.

घरी बाबूजींना सांगितलं, रांजणात आमचंच मशीन आहे. ते भडकले. "मशीन म्हणते! लाइन कुठं होती? अन् भूपेंद्र असं करन? तुया मायच्या हातचा भात खाल्ला त्यानं. माय आली तं तुले पाहवत नाही का रे?"

मी अनुसयाकाकूंकडे गेलो. रोवणीला मायच्या रांगेत त्या कायम तिच्या शेजारी.

"काकू, माय कधी रांगेला सोडून पुढची ओळ घ्यायची का?"

"छ्या! रांगेनं जोड देल्याबिगर ओळ टाकतच नव्हती थे. रोवणा गाण्यावर चालते बापा. गाणं पुढं पळालं तं हात पळते, अन् मागं पडलेली बाई एकटी चिखलात राहते. मले एकडाव ठसका लागला, तं तेच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत थांबली."

"मग पुढच्या बैठकीत कोणी जोड देऊ नका."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "मायवर भरोसा नाही का तुया?"

"मायवर आहे. रांजणावर नाही."

पुढची बैठक. लाइन गेली, महाराज गरजले, रांजण गाऊ लागला. *पऱ्ह्याची जुडी सुटे, चिखलात पाय...*

बाया गप्प. अनुसयाकाकूंनी ओठ दाबून धरले होते आणि डोळे वाहत होते. त्या शांततेत रांजणातून साऱ्या गावाला ऐकू आलं: कुंई... कुंई... कुंई...

"अरे, हा तं बकारामच्या घरचा हापसा होय!" मागून कोणीतरी म्हणालं.

आणि माय पुढची ओळ गाऊ लागली. जोड नसताना, नेहमीच्याच वेळाला.

"आत्मा नाराज आहे! कोणीतरी अविश्वासी..." महाराज सुरू झाले.

"चूप बसा जी." बाबूजी उठले होते. "सारी उमर तिच्या रांगेमागं मी पऱ्ह्याच्या जुड्या फेकल्या. माणूस मागं सोडून थे पुढं जात नव्हती. गेली थे एकडाव गेली." लंगडत ते रांजणापाशी गेले आणि फडकं ओढलं.

आत स्पीकर, बॅटरी आणि मायचा पापडांचा डबा. मी धान बाजूला सारलं. रांजणाला बुडाशी भोक पाडलेलं, त्यातून वायर निघून सतरंजीखालून पडद्याआड गेलेली. पडद्याआड भूपेंद्र, मांडीवर लॅपटॉप.

"काऊन रे?" मी विचारलं.

"लोकायले समाधान भेटून राहिलं होतं, अतुल." त्याची नजर खाली. "अन् तूच तं म्हणे, माय समोर बसल्यावानी वाटली पाहिजे."

"बाबूजीच्या गोळ्या सुटल्या, हे तुला दिसत नव्हतं?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. या गडबडीत महाराज मागच्या दारानं निघाले, तर अनुसयाकाकूंनी विचारलं, "कायले पळता जी? तुमचं मंतरलेलं पाणी तं पिऊन जा!"

मी डबा उघडून साऱ्यांसमोर ठेवला. लॅपटॉप कोणता, चिप कोणती, बॅटरी कशाला, सारं दाखवलं. लेकरांना बटण दाबू दिलं. त्यांनी दाबलं की माय गायची, त्यांनी दाबलं की थांबायची. तांब्याच्या पाटीवर आमची नावं अजून जोडीनंच होती. तिकडे मला पाहवेना.

घरी येताच बाबूजींनी गोळी घेतली. जखम भरायला दिवाळी उलटली, पण पाय राहिला. कधीकधी ते म्हणतात, "लाव बापा गाणं." मी लावतो. ते तिला काही विचारत नाहीत. नुसते ऐकतात आणि जोड आपणच देतात, बेसूर. भूपेंद्रची सोल्डरची कांडी आमच्याकडेच पडून आहे. तो मागायला आला नाही, मीही नेऊन दिली नाही.

गेलेल्या माणसाचा आवाज जपा. त्यात काही वाईट नाही, आणि तो जपणारं यंत्रही वाईट नाही. पण आवाज निर्मळ आहे म्हणून त्याच्या नावावर सांगितलेली गोष्ट खरी होत नाही, आणि औषध तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडूच नका. उद्या तुमच्या गावात असा कोणी आला, रांजण घेऊन किंवा आणखी काही घेऊन, आणि रडू आवरेनासं झालं, तर रडा. फक्त एकदा जोड देऊ नका. तुम्ही ज्याला ऐकताय, तो तुम्हाला ऐकतो का, एवढं एकदा गप्प राहून पाहा.