ब्रेकचं उघडं तोंड

शिंपी हाताचा पक्का, पण खोड एकच: दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायचं. बायकोच्या सायकलचे पुढचे ब्रेक-रबर खोबणीतून निघून आले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, सायकलवाल्याकडे टाका ना." हा म्हणाला, "त्यात काय एवढं? कोट शिवणारा माणूस मी!"

पत्र्याच्या खोबणीचं एक टोक बंद, एक उघडं. शिंप्याला खिशाचं तोंड समोर ठेवायची सवय. गोंद लावून रबर आत सरकवले आणि उघडी तोंडं पुढे करून त्याने दोन्ही बाजू अगदी बाह्यांसारख्या जुळवल्या. मागचा ब्रेक तर केव्हाच कामातून गेलेला. सगळी भिस्त पुढच्यावर. बायको नर्स, सकाळच्या ड्युटीला उशीर होत होता.

"चालेल ना हो?"

"चालेल? पळेल!" म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

ती निघाली तोच पोस्टमन पँट न्यायला आला. त्याची सायकल दाराशी टेकलेली. आपलं काम सरस की याचं, म्हणून शिंपी सहज वाकला. याच्या ब्रेकचं उघडं तोंड मागे होतं! त्याने चाक हाताने पुढे ढकललं आणि ब्रेक दाबून पाहिला. चाक रबराला पुढे ओढतं. पुढे बंद बाजू नसेल तर रबर दाबल्याबरोबर बाहेर!

आणि तिच्या वाटेवर उतार. उतार संपला की ट्रकचा रस्ता.

तो अनवाणी धावला. एरवी तिच्या गप्पांना नावं ठेवणारा माणूस, आज मनात म्हणत होता, देवा, कुणीतरी तिला बोलण्यात अडकव रे. कुणी अडकवलं नाही. ती नुकतीच उताराला लागलेली दिसली.

"थांब! अगं, थांब!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

तिने ऐकलं. आणि नवऱ्याची हाक म्हणून मुकाट ब्रेक दाबला. दोन काळे तुकडे टणकन उडाले. सायकल सुसाट सुटली. ट्रक दिसताच तिने हँडल वळवलं आणि सरळ भिंतीवर आदळली.

शिंप्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा हात कोपराच्या खालीच वाकला होता.

"हाक का मारलीत हो?" ती कण्हत म्हणाली. "डबा विसरले का मी?"

डबा तिच्या पायाशीच चेपून पडला होता.

"हो गं," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.