लाजाळूला बांधलेली दोरी

"ही दोरी कुणी बांधली रे इथं?"

ताई खोलीच्या मधोमध उकिडवी बसली होती. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात जमिनीवरून गेलेली वायर. अण्णांची खुर्ची बाजूला सरकवून ती तिथली जमीन झाडत होती आणि झाडता झाडता तिची बोटं दोरीला लागली होती.

वायरमन, तिचा धाकटा भाऊ, खिडकीपाशी वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सदरे पिशवीत भरत होता. तो जवळ आला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून खाली वाकला. जमिनीला स्क्रूनं बसवलेली काळी चपटी डबी, तिच्यावर लोहचुंबकानं चिकटणारं झाकण, आणि झाकणातून निघून खाटेजवळच्या मशीनकडे गेलेली वायर. हे सगळं त्यानं स्वतः बसवलं होतं. दोरी मात्र त्याची नव्हती. डबीखालच्या फटीतून घेऊन डबी आणि झाकण मिळून सुतळीचे वेढे करकचून आवळले होते आणि वर गाठ होती. मळकी, घट्ट, एकीवर एक.

खाटेवरून त्याची बायको बघत होती. नाकाला नळी, पाठीला दोन उशा. ऑक्सिजनचं मशीन शेजारी नेहमीसारखं धापा टाकत होतं.

"मीच बांधली," वायरमन म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "तू? अरे, तूच मला कौतुकानं दाखवलं होतंस ना, ओढ बसली की आपोआप सुटतं म्हणून? पाय अडकला तरी माणूस पडत नाही म्हणून?"

"हो."

"मग बांधलंस कशाला?"

"सारखं सुटायचं."

"सारखं सुटायचं म्हणे." ताईनं वायर हातातून टाकली. "आणि अण्णा गेले ते चाललं तुला. शाबास रे बाळ्या. जन्मभर लोकांकडे दिवे लावलेस आणि स्वतःच्या घरी हा उजेड पाडलास."

बाळ्या साठीला टेकला होता. ताईनं केरसुणी दाराआड ठेवली, सदऱ्यांची पिशवी उचलली, आणि चपला घालताना खाटेकडे वळून म्हणाली, "तुला मी काही बोलत नाही हो. तू आजारी माणूस." मग ती जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वायरमन पुन्हा दोरीपाशी येऊन बसला. आपण खोटं बोललो असं त्याला पुरतं वाटत नव्हतं. दोरी त्यानं बांधली नसली, तरी वायर जमिनीवर होती ती त्याच्यामुळेच.

बायकोची छाती निकामी होत गेली आणि हे मशीन घरी आलं, तेव्हाच खरं काम करायला हवं होतं. मशीनला लागेल असा दणकट, अर्थिंग असलेला प्लग घरात एकच, स्वयंपाकघराच्या दाराशी. खाट समोरच्या भिंतीला. मधे सगळी खोली, आणि तिच्यातून वायर आडवी गेलेली. अण्णांची खुर्ची खिडकीशी आणि न्हाणीघर पलीकडे. तिकडे जायचं तर वायर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि अण्णा आताशा पाय उचलत नसत, नुसते पुढे ढकलत. पहिल्याच आठवड्यात ते अडखळले. टेबल हाताशी होतं म्हणून वाचले.

वायर भिंतीवरून, दारावरून फिरवून आणणं हे वायरमनच्या डाव्या हातचं काम होतं. त्यासाठी वायर झाकायच्या पट्ट्याही त्यानं आणून ठेवल्या. पण भिंत जुनी, ओलीनं फुगलेली. ड्रिल लावलं की भसाभसा माती येणार, आणि धूळ म्हणजे बायकोच्या छातीला विष. काम होऊन धूळ बसेपर्यंत तिला दुसरीकडे ठेवायला हवं. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "सध्या पाहुणे आहेत रे, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना आला आणि गेला. वायरमननं पुन्हा विचारलं नाही. त्याला कुणाला एकदाही विचारणं जड जायचं, दुसऱ्यांदा तर शक्यच नव्हतं. पट्ट्या दाराआड उभ्या राहिल्या.

तो एका मोठ्या कचेरीच्या सभागृहात दिवे, पंखे, प्लग बघायचा. तिथं टेबलांखाली जमिनीवर अशा डब्या होत्या. चालता चालता कुणाचा पाय वायरीत अडकला की झाकण टक्कन निघून यायचं. झटका नाही, उघडी तार नाही, माणूस आपल्या वाटेनं पुढे. हात लावला की मिटणाऱ्या झाडावरून तिथली माणसं त्याला लाजाळू म्हणत. नवीन डब्या आल्या तेव्हा जुन्यांतली एक स्टोअरवाल्यानं त्याला देऊन टाकली. "घेऊन जा. नाहीतरी भंगारातच जाणार."

घरी बसवली तेव्हा तो म्हणाला होता, "तात्पुरतं आहे." वायरमनच्या धंद्यात तात्पुरत्या कामाइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

अण्णा मात्र खूश झाले होते. त्यांनी पायानं वायर ओढून झाकण सोडवलं, मुलाला लावायला सांगितलं, पुन्हा सोडवलं. "या घरात मला घाबरणारं कुणीतरी आलं म्हणायचं." मशीनशी तर त्यांचं पहिल्यापासूनच वैर. कान साफ गेलेले असल्यामुळे त्याचा आवाज त्यांना येत नसे, पण ते जमिनीवर थरथरतं ते पायाला कळायचं. सुनेला म्हणायचे, "एक सून दिवसभर गप्प आणि ही दुसरी दिवसभर घोरते. माझं नशीबच थोर."

"अण्णा, हसवू नका हो," ती ओठांची आणि हातांची खूण करून सांगायची. "हसणं महाग पडतं मला."

मग एका दुपारी शेजारच्या काकूंचा सभागृहात फोन आला. वायरमन धावत घरी आला तेव्हा अण्णा वायरीपलीकडे पडले होते, एक पाय भलत्याच बाजूला. बायको खाटेच्या कडेवर बसली होती. मशीन चालू होतं.

मशीन चालू होतं. आज दोरीकडे बघताना त्याला हे पहिल्यांदा जाणवलं. अण्णांचा पाय वायरीत अडकला, ते आपटले, खुब्याचं हाड मोडलं, आणि झाकण सुटलंच नाही. जन्म या धंद्यात गेला आणि त्याला ते त्या दिवशी दिसलं नव्हतं. तेव्हा माणसं बोलवायची होती, अण्णांना उचलायचं होतं. मग दवाखाना, मग अण्णांच्या छातीत कफ भरला, आणि मग धावपळ करण्यासारखं काही उरलं नाही.

त्यानं गाठीवर अंगठा फिरवला. ती कुणाची हे ताईनं विचारलं त्या क्षणीच त्याला कळलं होतं. अशी पिळाची सुतळी अण्णांच्या ट्रंकेतच असायची. पण गाठ अण्णांची वाटत नव्हती.

अण्णांनी उभं आयुष्य ट्रकवरचा माल बांधण्यात काढलं होतं. त्यांनी बांधलेली ताडपत्री शेकडो मैलांत हलत नसे, आणि उतरवणाऱ्यानं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी व्हायची. "बांधणारा एका गावी, सोडणारा दुसऱ्या," ते म्हणायचे. "त्याच्या शिव्या खायच्या नसतील तर सुरगाठ मारावी. निरगाठ म्हणजे आळशाची गाठ." लहानपणी वायरमननं बुटाच्या नाड्यांना निरगाठ मारली की अण्णा कपाळाला हात लावायचे. "ही काय जन्माची बांधलीस का रे?"

आणि ही निरगाठ होती. साधी नव्हे, एकीवर एक तीन.

"तुम्ही खोटं का बोललात?" बायकोनं विचारलं.

"तिला काय सांगणार? बोलून मोकळी होईल, राग निवेल."

"अण्णांनी बांधली." ती थांबली, श्वास घेतला. "मी बघत होते बांधताना."

वायरमननं मान वर केली नाही.

"त्यांचा पाय लागला एकदा. झाकण सुटलं. त्यांना कळलंच नाही. मशीन ओरडायला लागलं, पण त्यांना कुठलं ऐकू येतंय? ते गेले न्हाणीघरात." पुन्हा श्वास. "मला आवाज फुटेना. उठवेना. पेला फेकला. ते बाहेर आले, पेला उचलला, धोतरानं पुसला आणि माझ्या उशाशी ठेवला. म्हणाले, झोपेत हात लागला वाटतं. मग माझं तोंड बघितलं त्यांनी."

मशीन धापा टाकत होतं. तिनं त्याच्या लयीत दोन-चार श्वास घेतले.

"खाली बसले. गुडघे वाकत नव्हते त्यांचे, तरी बसले. झाकण उलटंच लावत होते. बसेना. हात असे कापत होते. शेवटी बसलं एकदाचं."

"मला नाही सांगितलंस."

"हात जोडले त्यांनी. माझ्यापुढं. म्हणाले, याला सांगू नकोस, मला खुर्चीला बांधून ठेवील. मग सुतळी काढली. एक टोक दातात धरून आवळली. मी खुणेनं म्हटलं, अण्णा, तुम्ही पडाल. तर म्हणाले, मी पडलो तर कुणीतरी उचलेल."

वायरमनला वाटलं, संपलं. पण तिचं संपलं नव्हतं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "नंतर रोज वाटायचं, सांगावं. तुम्ही यायचात, चहा टाकायचात. मी त्या दोरीकडे बघायचे. अण्णा तिथून पाय ओढत जायचे, तेव्हा डोळे मिटून घ्यायचे मी. सांगितलं तर तुम्ही सोडाल, सोडलीत तर पुन्हा तसंच होईल. मला भीती वाटायची हो. श्वास पुरेनासा झाला ना, की माणूस चांगला राहत नाही."

तुझा काय दोष, असं म्हणायला हवं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं, पण म्हटलं असतं तर ते ताईच्या 'आजारी माणसा'सारखंच ऐकू आलं असतं. त्यानं दाराकडे पाहिलं.

"पट्ट्या अजून दाराआडच आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग त्यानं खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याचं टोक गाठीत घालून हलक्या हातानं उकलायला लागला. सुतळीत अण्णांचे दात रुतल्याच्या खुणा होत्या. पहिली गाठ दाद देईना.

"कापा ना," बायको म्हणाली.

"अण्णांनी दोरी कधी कापली नाही."

उन्हाचा पट्टा खिडकीतून खुर्चीपर्यंत सरकला तेव्हा पहिली गाठ सुटली. दुसरी तिच्यामानानं लवकर. तिसरी, सगळ्यांत आतली, हातात आली तेव्हा वायरमन थबकला. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती सुरगाठ होती. हाताच्या सवयीनं अण्णांनी आधी तीच मारली असणार, आणि मग, ही सुटेल, असं मनात येऊन तिच्यावर बाकीच्या दोन. त्यानं टोक ओढलं. वेढे ढिले होऊन जमिनीवर पडले.

"आता ओढून बघा," बायको म्हणाली.

"कशाला? चालतं ते. आणि बघायचंच तर आधी तो राखीव ऑक्सिजनचा सिलिंडर लावतो तुला."

"नको. असंच बघा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं हात पोटावर ठेवले होते, दवाखान्यात सुई टोचून घेताना ठेवायची तसे. तो उठला आणि खिडकीकडून न्हाणीघराकडे निघाला. अण्णांसारखाच, पाय न उचलता. वायर पावलात अडकली, ताणली, आणि टक्कन झाकण सुटलं. मशीन ओरडायला लागलं. त्यानं त्याचं बटण बंद केलं आणि झाकण हातात घेऊन तो डबीपाशी बसला.

बायकोनं तळहात वर केला. थांबा.

किती महिन्यांनी घर गप्प झालं होतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. अण्णांना हेही ऐकू येत नसे. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तिचे खांदे वर उचलले जाऊ लागले, गळ्याशी खळगा पडला, ओठ काळसर झाले, तरी हात तसाच होता. वायरमन झाकण धरून तिच्या हाताकडे बघत राहिला.

हात खाली आला. त्यानं झाकण टेकवलं. त्याच्या बोटांना सुलट-उलट बघावं लागलं नाही. बटण दाबलं, मशीननं धाप टाकली. बायकोनं डोळे मिटले आणि हळूहळू तिच्या ओठांवरचा काळसरपणा ओसरला.

त्यानं सुतळी सरळ करून दोन बोटांवर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळली, अण्णा गुंडाळायचे तशी, आणि खुर्चीच्या हाताला अडकवली. मग चहा टाकायला तो स्वयंपाकघराकडे निघाला. वायरीपाशी आल्यावर त्याचा पाय, गरज होती त्यापेक्षा बराच उंच, उचलला गेला.